केवढ्याला ते नको, कुठून ते सांगा

जुन्या वस्तूंवर जीव टाकणाऱ्या माणसांची आपल्याकडे वानवा नाही. वानवा आहे ती त्या वस्तूंबद्दल चार ओळी लिहून ठेवणाऱ्यांची. हे मी मुद्दाम सुरुवातीलाच लिहून टाकतो, कारण पुढचं वाचून माझे काही संग्राहक मित्र रागावणार आहेत. त्यांनी खुशाल रागवावं, पण कशावर रागवायचं ते तरी त्यांना पहिल्या परिच्छेदात कळावं.

माझं म्हणणं एवढंच आहे, की नोंद नसलेला संग्रह हा संग्रह नव्हेच. तो साठा. किराणावाल्याच्या मागच्या खोलीत असतो तसा. फरक इतकाच की किराणावाला आपल्या साठ्याला 'वारसा' म्हणत नाही, आणि त्याच्या वहीत निदान माल कुठून आला ते तरी लिहिलेलं असतं!

हे सगळं मनात साचत गेलं ते हैदराबादेत. गोंयकार माणूस मांडवी सोडून मुसीकाठी काय करतो असं विचारू नका, पोट माणसाला कुठेही नेतं. तर या शहरात जुन्या वस्तूंची आवड असलेल्यांचं एक मंडळ आहे. नाव सांगत नाही. एक तर ती माणसं माझी स्नेही आहेत, आणि दुसरं म्हणजे असली मंडळं पुण्यात, मुंबईत, आपल्या मडगावात सगळीकडे एकाच साच्यातली असतात. महिन्यातून एका रविवारी कुणाच्या तरी दिवाणखान्यात जमायचं. टेबलावर पांढरी चादर. प्रत्येकाने पिशवीतून आपापली चीज काढून मांडायची. मग ओळखपरेड, अदलाबदल, अधूनमधून एखादा घरगुती लिलाव, आणि शेवटी इराणी चहा व उस्मानिया बिस्किटं. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, एक दंतवैद्य, दोन सराफ, कॉलेजातली चार पोरं, आणि मराठवाड्यातून दोन-तीन पिढ्यांपूर्वी इथे येऊन स्थिरावलेली काही मराठी मंडळी. बोलणं दखनीत सुरू होतं, तेलुगूत वळतं आणि भांडण निघालं की मराठीवर येतं.

आणि शहरही असं की संग्राहकाला वेड लागावं. निजामाचं स्वतःचं नाणं होतं, हाली सिक्का. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार, हा हिशेब मराठवाड्यातल्या जुन्या माणसांच्या तोंडी असे. १९१८ पासून स्वतःच्या नोटा होत्या. स्वतःचं टपाल होतं, त्याची तिकिटं १८६९ पासूनची. हे चलन रद्द झालं ते थेट १९५९ साली, म्हणजे ज्या राज्याचं ते होतं ते राज्य १९५६ मध्ये मोडल्यावरही तीन वर्षांनी. या नोटांवर किंमत उर्दूबरोबर मराठी, तेलुगू आणि कानडीतही छापलेली असे. आपल्या मराठीला निजामाच्या नोटेवर जागा होती हे किती मराठी माणसांना ठाऊक आहे? मला ते ठाऊक झालं या मंडळाच्या टेबलावर. शाळेच्या पुस्तकात नाही, कुठल्या संमेलनाच्या भाषणातही नाही. तेव्हा मी या मंडळींचा ऋणी आहे, आणि ऋणी आहे म्हणूनच बोलायचा हक्क मागतो.

आबिदच्या फूटपाथवर दर रविवारी जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. चारमिनारकडच्या मुर्गी चौकात जुन्या घड्याळांची, दिव्यांची, भांड्यांची दुकानं आहेत. तिथे तास न्‌ तास उन्हात उभं राहून, घासाघीस करून, रद्दीवाल्याच्या तावडीतून ही माणसं कागद सोडवतात, मोडीत निघालेला दिवा उचलून आणतात. ज्यांना हे 'भंगार गोळा करणं' वाटतं त्यांच्याशी माझं वैर आहे. निम्मं हैदराबाद या वेड्यांनी राखलं.

मग तक्रार काय?

तक्रार अशी, की टेबलावर वस्तू आली की पहिला प्रश्न येतो: "कितने में लिये?" दुसरा प्रश्न: "अब कितना देंगे?" आणि तिसरा प्रश्न येतच नाही. इतक्या बैठकांत "ही कुठून आली?" हा प्रश्न मी क्वचित ऐकला, आणि ऐकला तेव्हा त्याचं उत्तर "बाजार से" असं होतं. बाजारात काय झाडाला लागतात समया?

आता गोमंतकीय वाचकांनी जरा इकडे लक्ष द्यावं, कारण गोष्ट आपल्या घरात येते आहे. या टेबलावर 'गोवा का माल' नावाचा एक वेगळा प्रकार आहे. दुकानदार तो असाच विकतो आणि मेंबर तो असाच घेतो. शिसवी खुर्ची, वेताची बैठक गेलेली: गोवा का माल. शिंपल्यांच्या खिडकीचं एक दार, नुसतं एकच: गोवा का माल. पितळेचा लामणदिवा: गोवा का माल. एकदा एक लाकडी माप आलं, धान्य मोजायचं. कडेला लोखंडी पट्टी, आत हातांनी घासून गुळगुळीत झालेलं लाकूड. मालकाला ते फुलदाणी वाटत होतं. मी म्हटलं, अहो हे माप आहे, आमच्याकडे वीस कुडवांची एक खंडी होते, हे त्या हिशेबातलं असणार. ते खूश झाले. मग मी विचारलं, कुठल्या गावचं? तर म्हणाले, "साहब, गोवा का।" जणू गोवा म्हणजे एक दुकान.

फरक काय पडतो, असं कुणी विचारील. सांगतो. मापं सगळीकडे सारखी नसत. भाटकाराच्या घरी खंड मोजून घ्यायचं माप एक आणि बाजारात विकायचं दुसरं, असे आरोप आपल्या कितीतरी गावांत ऐकू येत. ते माप कुठल्या वाड्यावरचं, कुठल्या घरातलं हे कळलं असतं, तर त्यात तांदूळ भरून पाहता आला असता, शेजारच्या गावच्या मापाशी ताडून पाहता आला असता. कुळाने एका सालात खरंच किती भात घातलं, याचा तो पुरावा झाला असता. गावाचं नाव गेलं आणि पुरावा गेला. उरलं ते गुळगुळीत लाकूड. आता त्यात कृत्रिम फुलं ठेवा नाहीतर छत्र्या, काय बिघडतं?

हीच गत खिडकीची, खुर्चीची, दिव्याची. लामणदिवा देवळातला की घरातला? देवळातला असेल तर तो कुणी विकला, कुणाच्या परवानगीने? घरातला असेल तर कुठल्या कासाराने ओतला? हे सगळं त्या दिव्याबरोबर गोव्यातून निघतं तेव्हा निदान एका माणसाला माहीत असतं. बेळगावला पोचेपर्यंत ते सांडतं. हैदराबादेला पोचतो तो नुसता पितळेचा गोळा, वर पितांबरी लावून चकचकीत केलेला.

हैदराबादकरांना हे शिकवायला मी कोण? त्यांच्याच शहरात त्याचा सर्वांत मोठा धडा उभा आहे. तिसरे सालारजंग, मीर युसुफ अली खान, १९१२ ते १९१४ निजामाचे दिवाण होते. ते पद सुटल्यावर उरलेलं सगळं आयुष्य आणि आपल्या जहागिरीचं उत्पन्न त्यांनी वस्तू जमवण्यात घातलं. १९४९ साली ते वारले तेव्हा पाठीमागे मूलबाळ नव्हतं, होता तो वस्तूंचा डोंगर. तो लावून घेण्यासाठी जेम्स कझिन्स यांच्यासारखा कलेचा जाणकार बोलवावा लागला. १६ डिसेंबर १९५१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते दिवाण देवडीत संग्रहालय उघडलं, १९६१ मध्ये संसदेने कायदा करून ते राष्ट्रीय महत्त्वाचं ठरवलं, आणि १९६८ मध्ये ते मुसीकाठच्या आजच्या इमारतीत आलं.

तिथे बुरख्यातल्या रिबेकाचा पुतळा आहे. संगमरवराचाच पातळ पदर चेहऱ्यावर ओढलेला. लोक तोंडाचा आ करून बघतात. पण मला त्या पुतळ्यापेक्षा त्याच्याबद्दल जे सांगता येतं त्याचं अप्रूप वाटतं: शिल्पकार इटलीचा बेंझोनी, घेणारे पहिले सालारजंग, घेतलं रोममध्ये, साल १८७६. कोणी, कुठे, कधी, कोणाकडून. चारही उत्तरं हजर. इटलीतून आलेल्या दगडाची जन्मपत्रिका दीडशे वर्षं टिकते, आणि आठशे किलोमीटरच्या आतून आलेल्या आमच्या मापाला गावसुद्धा नाही. हा काळाचा महिमा नव्हे. एकाची नोंद कुणीतरी ठेवली आणि दुसऱ्याची कुणालाही ठेवावीशी वाटली नाही, एवढंच.

आणि सालारजंगांच्या बाबतीत निदान सरकार धावून आलं. माझ्या मंडळातल्या दंतवैद्यांच्या मागे कोण धावणार आहे? मुलगा डॅलसला, मुलगी सिंगापूरला. त्यांच्या कपाटातल्या चाळीस वर्षांच्या कमाईबद्दल जे काही माहीत आहे ते सगळं त्यांच्या डोक्यात आहे, आणि डोकं कुणाच्या वारशात येत नाही. उद्या तेराव्या दिवशी मुलं कपाट उघडतील, एक दुकानदार बोलावतील, तो नाकं मुरडत 'लॉट'चा भाव सांगेल, आणि सगळं पुन्हा मुर्गी चौकात. ज्या बाजारातून सोडवलं त्याच बाजारात, फक्त आधीच्यापेक्षा अधिक निनावी होऊन.

मी हे बोललो की ठरलेली उत्तरं येतात. एकेक घेऊ.

पहिलं उत्तर: "आम्ही हौशी माणसं. नोंदी, सूची वगैरे संशोधकांची कामं." हे मला सर्वांत खोटं वाटतं. विल्यम मार्सडेन नावाचा एक इंग्रज होऊन गेला. कंपनीच्या नोकरीत सुमात्रात होता. पुढे नाणी आणि पुस्तकं जमवण्याचा नाद लागला. म्हणजे आपल्याच जातीचा! पण या गृहस्थाने आपल्या पौर्वात्य नाण्यांची सचित्र सूची १८२३ ते १८२५ या काळात छापली आणि आपल्या ग्रंथसंग्रहाची यादी १८२७ मध्ये. नंतर नाणी ब्रिटिश म्युझियमला दिली आणि ग्रंथ लंडनच्या किंग्ज कॉलेजला.

यात आपला काय संबंध? आहे. फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण, आपल्या साष्टीत लिहिलं गेलेलं मराठी ओवीतलं महाकाव्य, १६१६ साली पहिल्यांदा छापलं गेलं, नंतर १६४९ आणि १६५४ मध्ये. तीन आवृत्त्या निघाल्या, आणि आज त्यांतल्या एकाही छापील प्रतीचा पत्ता नाही. गोव्यात नाही, जगात नाही. पण देवनागरीतलं एक हस्तलिखित लंडनमध्ये मार्सडेनच्या त्या संग्रहात निघालं. १९२०च्या दशकात जस्टिन अ‍ॅबट यांनी ते ओळखलं आणि ख्रिस्तपुराणाच्या अभ्यासाला नवी वाट फुटली. एका हौशी माणसाने जपलं, यादीत लिहिलं आणि योग्य हाती सोपवलं म्हणून शंभर वर्षांनी दुसऱ्याच्या हाती लागलं. तो हौशीच होता हो! संशोधकाला सापडायला वस्तू आधी हौशी माणसाच्या यादीत असावी लागते.

इंग्रज नको असेल तर पुण्याचे दिनकर केळकर घ्या. कविता करणारा माणूस, अज्ञातवासी या नावाने. अडकित्ते, दिवे, फण्या, वज्र्‍या, स्वयंपाकघरातली भांडी असल्या वस्तू त्यांनी गावोगाव हिंडून जमवल्या, ज्यांना तेव्हा कुणी ढुंकून पाहत नव्हतं. लहानपणीच वारलेल्या मुलाचं, राजाचं नाव संग्रहालयाला दिलं आणि हजारो वस्तूंचा तो पसारा १९७५ साली महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. कपाटात कुलूप लावून बसले असते तर आज अडकित्ते कुठल्या तरी हॉटेलच्या भिंतीवर टांगलेले दिसले असते. आणि आपल्याकडे बाणावलीला व्हिक्टर ह्यूगो गोम्स यांनी २००९ मध्ये उघडलेलं 'गोवा चित्र' आहे. नांगर, घाणे, कारागिरांची हत्यारं. नुसती मांडलेली नाहीत, ती कशी वापरत हे जाणत्या माणसांना विचारून घेतलेलं. हे काम एका घराने केलं, खात्याने नव्हे.

दुसरं उत्तर: "दुकानदार सांगत नाही." खरं आहे, नाही सांगत. पण का सांगत नाही याचा विचार कधी केलात? त्याला विचारणारं गिऱ्हाईक भेटत नाही म्हणून. 'कुठलं ते सांगितलंस तर शंभर रुपये जास्त देतो,' असं पाच गिऱ्हाईकांनी म्हणून पाहावं. दुकानदारासारखा हुशार विद्यार्थी नाही. हां, उद्या तो खोटी गावंही सांगू लागेल. तेव्हा चिठ्ठीवर 'दुकानदाराच्या सांगण्यानुसार' असं लिहावं. खोटं तपासता येतं. कोरं कसं तपासणार?

तिसरं उत्तर खालच्या आवाजात येतं: "लिहून ठेवलं तर उद्या कायद्याचं लचांड." हेच खरं उत्तर, बाकीची दोन याची पांघरुणं. तर कायदा काय आहे ते सरळ सांगतो. पुरातन वस्तू व कलानिधी कायदा १९७२ चा, अमलात आला ५ एप्रिल १९७६ पासून. शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक किंवा कलात्मक वस्तू ही पुरातन वस्तू. हस्तलिखितं व तत्सम कागदपत्रांना पंचाहत्तर वर्षं. अशी वस्तू घरी ठेवायला बंदी नाही. काही ठरावीक वर्गांतल्या वस्तू, जसं मूर्ती, चित्रं, सचित्र हस्तलिखितं, यांची नोंदणी करावी लागते. धंदा करायचा तर परवाना लागतो. देशाबाहेर न्यायला खाजगी माणसाला मनाई आहे. यात सज्जन माणसाने घाबरण्यासारखं काय आहे? नोंदणीच्या कचेऱ्यांची गती गोगलगायीची आहे, हे मान्य. अर्ज करून माणूस म्हातारा होतो, हेही मान्य. त्याबद्दल सरकारला चार शिव्या द्यायच्या असतील तर मीही येतो. पण कचेरी ढिली आहे म्हणून आपण आपल्या वहीतही काही लिहायचं नाही, हा कुठला न्याय? वहीला काय परवाना लागतो?

आणि लिहिण्या-टिपण्याने काय होतं ते तमिळनाडूला विचारा. श्रीपुरंतन गावच्या देवळातला नटराज चोरीला गेला आणि २००८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने तो पन्नास लाखांहून अधिक डॉलर मोजून विकत घेतला. विकणाऱ्याने कागद रंगवून दिले होते, सगळं कसं साफ. पण पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेकडे ती मूर्ती देवळात असतानाचे जुने फोटो होते. त्या फोटोंशी मूर्ती ताडून पाहिली गेली आणि खोट्या कागदांचं पितळ उघडं पडलं. २०१४ मध्ये नटराज परत आला. तो आणला कुणी? मोर्चाने नाही, अस्मितेच्या गर्जनेने नाही. चोरीच्या आधी कुणीतरी शांतपणे कॅमेऱ्याचं बटण दाबून, खाली गावाचं नाव लिहून ठेवलं होतं, म्हणून. आपल्या पेडण्यापासून काणकोणापर्यंतच्या देवळांतल्या किती दिव्यांचे, पालख्यांचे, प्रभावळींचे असे फोटो आहेत? उद्या एखादी गेली तर पोलिसांना काय दाखवणार? 'पितळेची होती, सुंदर होती'?

नोंदीचा दुष्काळ पडला की पीक लबाडांचं येतं. रामदरबाराचं चित्र असलेलं 'ईस्ट इंडिया कंपनीचं १८१८ चं नाणं' तुम्हीही पाहिलं असेल. कंपनीने असलं नाणं कधी पाडलं नाही, तरी ते लाखाच्या बाता मारून विकलं जातं. तांदूळ ओढून घेणारं तांब्याचं भांडं म्हणून 'राइस पुलर'च्या नावाने दक्षिणेत शिकली-सवरलेली माणसं नागवली गेली आहेत. जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत आपलं नाव वापरून लोकांना फसवलं जातंय, असा इशारा २०२१ साली खुद्द रिझर्व्ह बँकेला द्यावा लागला. ही सगळी फसवणूक एकाच जमिनीत रुजते. जिथे 'केवढ्याला?' हा एकच प्रश्न विचारायची सवय असते तिथे. 'कुठून?' असं विचारलं की यातले निम्मे महाभाग आपोआप उठून जातात.

इथवर मी हैदराबादवाल्यांवर तोंडसुख घेतलं. आता आपली पाळी.

कारण माल विकत घेणाऱ्याला नावं ठेवायची आणि विकणाऱ्याने मात्र वारसा वारसा म्हणून डोळे पुसायचे, हे ढोंग आहे. मुर्गी चौकात शिंपल्यांची खिडकी आपोआप चालत आली नाही. जुनं घर पाडून फ्लॅट उठवायचे ठरले, कंत्राटदार म्हणाला 'हें हांव व्हरतां', आणि आपण म्हटलं, 'व्हर रे बाबा, सुवात आडायता.' मोडीतले कागद वाळवी लागली म्हणून जाळले. नाटकांच्या जाहिराती चुलीत घातल्या. हेगडे देसायांनी १९१२ मध्ये सुरू केलेल्या 'भारत'सारख्या पत्रांचे अंक घराघरांत असत, ते किलोवर गेले. मग संध्याकाळी आपण गोव्यात मराठी किती जुनी यावर वाद घालतो, कोकणीवाले कोकणीवर घालतात, आणि दोघांचाही पुरावा तोवर भेळेची पुडी झालेला असतो! पणजीचं मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ पासून आहे. आजोबांची पेटी तिथे नुसती दाखवून तरी आणायला काय जातं? पण तिथे जायला वेळ नाही, रद्दीवाला दारात येतो.

कागद असला की काय होतं हे गोंयकारांना वेगळं सांगायला नको. १९६१ च्या डिसेंबरात बांकु नासियोनाल उल्त्रामारिनु या पोर्तुगीज बँकेकडे गहाण पडलेले आपल्या लोकांचे दागिने लिस्बनला गेले. बांगड्या, पाटल्या, कुणाच्या लग्नातली माळ. ते सोनं परत आलं १९९१ मध्ये, तब्बल तीस वर्षांनी. गहाणाचा व्यवहार म्हटला की नाव आलं, वजन आलं, पावती आली. तीस वर्षं परमुलखात राहूनही तो दागिना 'अमकीचा' राहिला, निव्वळ सोनं झाला नाही. ज्या घरांनी पावती जपली त्यांनी दागिन्याइतकीच ती जपली. मग तोच शहाणपणा लामणदिव्याच्या वेळी कुठे जातो? सोन्याला पावती हवी आणि पितळेला नको?

कुणी म्हणेल, विकूच नये असं तुमचं म्हणणं आहे का? मुळीच नाही. ज्याला मोठं घर राखणं झेपत नाही त्याने घर विकावं, खांब विकावेत, खुर्च्या विकाव्यात. गरजेला उपदेश करणारा मी कोण? पण विकण्याआधी अर्धा तास काढा. वस्तू जिथे होती तिथेच ठेवून तिचा फोटो घ्या. आता तर प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. आईला, आजीला, शेजारच्या म्हाताऱ्या कुळाला विचारा: ह्याला काय म्हणत, कोण वापरी, कधीपासून आहे. ते कागदावर लिहा, एक प्रत वस्तूबरोबर द्या, एक घरी ठेवा. आणि कागद मात्र विकू नका. खुर्चीसारखी खुर्ची पुन्हा मिळेल. तुमच्या पणजोबांच्या हातचा जमाखर्च जगात एकच आहे.

मंडळवाल्यांकडे माझं मागणं याहून साधं आहे. टेबलावर वस्तू ठेवायची तर तिच्याबरोबर चिठ्ठी हवी, हा एकच नियम करा. चिठ्ठीवर पाच ओळी. वस्तूला तिच्या मुलखात काय म्हणतात. गाव, वाडा, घर. कोण, कशासाठी वापरी. तुमच्याकडे कधी आणि कोणाकडून आली. आणि पाचवी ओळ, यातलं काय ठाऊक नाही. ही पाचवी ओळ लिहायला लाज वाटू देऊ नका, सर्वांत मोलाची तीच. 'गाव ठाऊक नाही' असं लिहिलेलं असेल तर उद्या कुणीतरी शोधील. 'गोवा का माल' लिहिलं की शोध तिथेच संपतो. चिठ्ठ्यांची एक वही करा, वहीची एक प्रत मंडळाकडे ठेवा, आणि आपल्या मागे ती वही कुणाच्या हाती जावी हे आजच घरी सांगून ठेवा. किमतीची चर्चा चहानंतर. चहा प्यायला मीही थांबतो, मला काय भाव ऐकायला आवडत नाहीत असं नाही!

हे मी गेल्या बैठकीत बोललो. दंतवैद्य हसले, सराफांनी घड्याळ पाहिलं. निवृत्त बँकवाले मात्र गप्प बसले. जन्मभर खातेवह्या लिहिलेला माणूस तो. जाताना मला म्हणाले, "बात तो सही है, मगर मियाँ, चार हजार नग हैं मेरे पास. शुरू कहाँ से करूं?"

मी म्हटलं, आज जो आणलात त्याच्यापासून.